कराराला वाहिलेलं हळदकुंकू

अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावातल्या आमच्या घरात खंडेनवमीला जी मांडणी होते, ती पाहून कुणालाही वाटेल की इथे जुना बाजार भरला आहे. हॉलमध्ये पाट, पाटावर सासूबाईंनी सांगलीहून आणलेलं लाल वस्त्र, आणि त्यावर नवऱ्याचा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, ड्रिल मशीन, मुलीचा चेलो. बर्फ ढकलायचं फावडं पाटावर मावत नाही, म्हणून ते भिंतीला टेकवून उभं करायचं आणि त्याच्या दांड्याला झेंडूची माळ घालायची. झेंडू परसातलाच. थंडीने तो करपायच्या आत खुडून आणायचं खातं मुलीकडे. ती दरवर्षी न चुकता सांगते, "आजी, नॉट ऑन द स्ट्रिंग्ज, प्लीज," आणि आजी दरवर्षी न चुकता तारांपासून बोटभर लांब कुंकू लावते.

ज्याचं ज्या वस्तूवर काम चालतं, तिला वर्षातून एकदा हात जोडायचे, असा हा सण. मला तो फार आवडतो. फक्त एक कुरबुर होती, ती म्हणजे त्या पाटावर माझं काही नसायचं. सासूबाई इथे राहायला आल्या त्या वर्षी त्यांनी मला विचारलं होतं, "तुझं काय ठेवू गं?" आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मिक्सर आणून ठेवलासुद्धा. तेव्हापासून माझा म्हणून मिक्सर. मिक्सरशी माझं काही वैर नाही. पण मी घराबाहेर जाऊन जे करते ते या घरात काम म्हणून धरलं जात नाही, हे त्याच्याकडे पाहिलं की मला दरवर्षी नव्याने कळायचं, आणि मग दिवसभर मी भांडी जरा जास्तच आपटायचे.

मी काय करते ते सांगायला हवं, कारण मंडळाच्या गणपतीत मला ओळखणाऱ्या निम्म्या लोकांनाही ते नीट ठाऊक नाही. मी इथल्या विद्यापीठाच्या संग्रहात पपायरसवर काम करते. नाईलच्या काठी लव्हाळ्यासारखं एक झाड उगवतं, त्याच्या पट्ट्या काढून, आडव्या आणि उभ्या एकमेकींवर दाबून केलेला हा जुन्या इजिप्तचा कागद. लग्न होऊन आले ती नवऱ्याच्या व्हिसाला लटकून, त्यामुळे नोकरीची परवानगी नव्हती. पहिल्या हिवाळ्यात घरात बसून डोकं फिरायची वेळ आली. एक दिवस बसची वाट पाहताना इतकी थंडी वाजली की समोरच्या इमारतीत शिरले आणि जो वर्ग उघडा होता त्यात जाऊन बसले. तो प्राचीन ग्रीकचा वर्ग होता. तो तमिळचा असता तर आज मी तमिळ शिकवत असते. संग्रहातल्या पपायरसवरचं पुष्कळसं लिखाण ग्रीकमध्येच असल्यामुळे तिथून संग्रहात फुकट मदत करायला लागले, पुढे परवानगी आल्यावर तात्पुरती नेमणूक मिळाली, तीही सहा-सहा महिन्यांची.

सासूबाईंना हे काम वाटत नव्हतं, यात त्यांचा दोष काढणंही कठीण होतं. त्यांनी उभं आयुष्य सांगलीत बँकेत नोकरी केली. काम म्हणजे मस्टरवर सही, साहेब, बढती, रजेचा अर्ज, आणि शेवटी नारळ आणि शाल. त्या आल्या तेव्हा मी फुकट जात होते, आणि त्यांच्या मनात माझी जी नोंद झाली ती कायमचीच झाली. नातेवाइकांना फोनवर सांगायच्या, "सुनेला जुन्या गोष्टींची हौस आहे." हौस हा शब्द मला सुईसारखा टोचायचा. त्यात उत्साहाच्या भरात मी त्यांना एकदा सांगून बसले की यातले पुष्कळसे कागद जुन्या गावांच्या उकिरड्यांत सापडले. तेव्हापासून मी घरी आले की दारातच हुकूम व्हायचा, "आधी हातपाय धू."

माझा जीव जडला तो करारांवर. संग्रह पाहायला येणाऱ्यांना बायबलमधल्या शुभवर्तमानाचा तुकडा बघायचा असतो, आणि तो बघावाच. पण मी त्यांना हळूच पुढच्या काचेकडे नेते. तिथे कुणी गाढव भाड्याने घेतलेलं असतं, कुणी द्राक्षमळा खंडाने केलेला असतो, कुणी मुलाला विणकराकडे शिकाऊ ठेवलेलं असतं. इजिप्तमधल्या पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती लोकांबद्दल प्रवचनांत खूप काही आहे, पण प्रवचनात माणूस नेहमी अंघोळ करून आलेला असतो. करारात तो कामाच्या कपड्यांत भेटतो. कुठे जामीन म्हणून चर्चचा धर्मगुरू उभा राहतो, कुठे लिहिता न येणाऱ्यासाठी डीकन, म्हणजे चर्चचा सेवक, सही करतो. एका करारात तर संसार सोडलेल्या दोघी बहिणी घराचा तळमजला भाड्याने देतात, आणि तोही एका ज्यू माणसाला. संसार सोडला तरी घर सोडलेलं नाही. तो करार मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वाचनालयात मोठ्याने हसले होते आणि समोरच्या विद्यार्थ्याने मान वर करून पाहिलं होतं.

त्या वर्षीच्या शरदात माझी नेमणूक संपत होती आणि पुन्हा वाढणार नव्हती. त्याऐवजी एक कायमची जागा निघाली होती, शाळांना आणि पाहुण्यांना संग्रह समजावून सांगायची. उमेदवार दोनच. मी, आणि डॉक्टरेट झालेला एक तरुण, हुशार आणि मनमिळाऊ. मला तो आवडायचा, हीच पंचाईत होती. दोघांनीही शाळेतल्या मुलांचा एकेक वर्ग घ्यायचा आणि निवड समितीने मागे बसून पाहायचं, असं ठरलं. माझा वर्ग नेमका दसऱ्याच्या सकाळी आला. ही जागा मिळाली नाही तर मी पुन्हा घरी, आणि पाटावर जन्मभर मिक्सर. मला ती जागा फार हवी होती.

अस्सल पपायरस मुलांच्या हातात देता येत नाही. म्हणून मी नव्याने बनवलेला एक पपायरसचा ताव मागवला, आणि काजळीची शाई आणि बोरू घेऊन आमच्या संग्रहातल्या एका कराराची नक्कल करायला बसले. एका विणकर बाईचा करार. जेवणाच्या टेबलावर संध्याकाळमागून संध्याकाळ ते चाललं होतं. सासूबाई चहाचा कप घेऊन समोर बसायच्या आणि बघत राहायच्या. एक दिवस त्यांना राहवलं नाही.

"काय लिहिलंय यात?"

"एक बाई आहे, आई. विणकाम करणारी. ती लिहून देते की वर्षभर तुमच्या घरी येऊन तुमच्या मागावर विणीन. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत."

"बाप रे. आणि खाणंपिणं?"

"ते मालकिणीकडून. तेलसुद्धा."

"रजा?"

"सणाची. मध्येच सोडून गेली तर दंड."

त्यांनी चष्मा वर करून ताव जवळून पाहिला. "हे वर काय काढलंयस?"

"क्रूस. लिहिणाऱ्याने आधी क्रूस काढला आणि मग करार लिहिला. आपण कागदाच्या वर श्री काढतो ना, तसं. आणि खाली बघा, तिला लिहिता येत नव्हतं म्हणून एका डीकनने तिच्या वतीने लिहिलंय."

"म्हणजे पक्की नोकरी होती बाईची," सासूबाई म्हणाल्या. "करार आहे, रजा आहे, दंड आहे." मग त्यांनी विचारलं, "तुझा असतो का गं असा करार?"

"असतो की. दर सहा महिन्यांनी सही करते."

"कधी बोलली नाहीस."

तुम्ही कधी विचारलंत, असं जिभेवर आलं होतं, पण हातात बोरू होता आणि ओळ बिघडली असती. त्या उठून कप विसळायला गेल्या. मीही पुढच्या ओळीकडे वळले.

खंडेनवमीच्या दिवशी मला वर्गाची खोली पाहायला लवकर जायचं होतं. पूजा मी निघाल्यावर होणार होती. नक्कल पुरी झाली होती आणि टेबलावर उघडीच ठेवली होती, कारण ती बसवायच्या दोन काचा कामाच्या ठिकाणी होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन तिथेच बसवीन, असा माझा विचार होता. संध्याकाळी परत आले, बूट काढले, आणि हातपाय धुवायच्या आधीच सवयीने पाटाकडे पाहिलं. मिक्सर नव्हता.

मिक्सरच्या जागी माझा करार होता. नीट मधोमध, लॅपटॉप आणि चेलोच्या मध्ये. पायाशी झेंडूचं फूल. वर, क्रूसाच्या अगदी शेजारी, बोटाच्या पेराएवढं, पाण्यात कालवून लावलेलं कुंकू, त्याखाली हळद, त्यावर चिकटलेल्या अक्षता. पपायरस पाणी पटकन पितो. कुंकू तंतूंतून सरळ रेषेत पसरत पसरत पहिल्या ओळीतल्या सालापर्यंत पोचलं होतं.

"आई!" मी ओरडलेच. "हे काय केलंत?"

त्या कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या. "काय केलं? पूजा केली."

"अहो पण यावर? उद्या मला हा घेऊन समितीसमोर उभं राहायचंय."

"म्हणूनच केली. उद्या तुझ्या कामाची परीक्षा आहे ना?" त्यांना माझं ओरडणं खरंच कळत नव्हतं. "तिच्या क्रूसाला मी धक्कासुद्धा लावलेला नाही. शेजारी जागा होती, तिथे लावलं."

मी रागाने फणफणले होते, आणि त्याच वेळी माझे डोळे भरून आले होते, आणि यातलं आधी कशाला वाट द्यावी ते मला कळत नव्हतं. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते समोर पाटावर होतं. फक्त ते उद्याच्या सकाळचा सत्यानाश करून आलं होतं. दुसरा ताव नव्हता, आणि असता तरी एका रात्रीत इतकं लिहून झालं नसतं.

नवरा घरी आला आणि त्याने परिस्थिती हातात घेतली, म्हणजे फोनवर व्हिडिओ शोधला. "अगं, ब्रेडने निघतो म्हणतायत कुठलाही डाग. मी ट्राय करतो, थांब." त्याने ब्रेडचा मऊ भाग हलक्या हाताने डागावर फिरवला. अक्षता निघाल्या. कुंकू निघालं नाही, ते लालाचं गुलाबी झालं आणि आणखी एका ओळीवर गेलं. मुलगी मागून बघत होती. "डॅड, जस्ट स्टॉप," ती म्हणाली. मग आम्ही चौघांनीही एकमेकांकडे पाहिलं, आणि पहिली हसले ती मीच. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी तो डागाळलेला करार दोन काचांमध्ये बसवून मी वर्गात गेले. निम्मा वेळ गेला त्या कराराची ओळख करून देण्यात. बाई कोण, माग कुणाचा, तेल कुणाचं. मुलं दहा-अकरा वर्षांची होती आणि चांगली ऐकत होती. मागे समितीतले तिघे मांडीवर कागद घेऊन बसले होते. मग मी काच मुलांमध्ये फिरवायला दिली, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "हे रक्त आहे का?"

आदल्या रात्री मी या प्रश्नाची दोन-तीन सफाईदार उत्तरं जुळवून ठेवली होती. त्या मुलीचं तोंड पाहिलं आणि ती सगळी विसरले. म्हटलं, रक्त नाही. हे काल माझ्या सासूबाईंनी लावलं. आमच्या घरी वर्षातून एक दिवस, ज्या वस्तूंवर आमचं काम चालतं त्यांना आम्ही नमस्कार करतो, रंग लावतो, फूल वाहतो. माझ्या नवऱ्याच्या लॅपटॉपलाही आत्ता असाच ठिपका आहे.

"म्हणजे ही विणकर बाई तुमच्या धर्माची होती?" एका मुलाने विचारलं.

"नाही."

"पण पुढे कुणाला हे जमिनीत सापडलं," तो अगदी सावकाश म्हणाला, "तर त्यांना वाटेल की होती."

मागे कुणीतरी खुर्चीत सावरून बसलं. मी म्हटलं, बरोबर. मग आता हा शेजारचा क्रूस बघा. तो कुणी काढला? त्या बाईने?

"तिला तर लिहिता येत नव्हतं," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

झालं, वर्ग माझ्या हातातून सुटला. एक म्हणे, क्रूस लिहिणाऱ्याचा, बाईचा काय संबंध. दुसरी म्हणे, मग ती त्याच डीकनकडे का गेली, तो तिच्याच चर्चचा असणार. तिसऱ्याचं म्हणणं, तो शेजारी राहत असेल आणि त्याला लिहिता येत असेल, एवढंच. एका मुलाने विचारलं की मालकीण कुठल्या धर्माची होती हे कुणी का विचारत नाही. संशोधक याच गोष्टीवर वर्षानुवर्षं वाद घालतात. माझ्या तयारीत हा मुद्दा अगदी शेवटी होता आणि तो मी एका वाक्यात उरकणार होते. इथे तो मुलांनीच ओढून पुढे आणला, आणि मी नुसती एकाकडून दुसऱ्याकडे बोट दाखवत उभी राहिले. घंटा झाली तरी वाद चालूच होता.

मुलं गेल्यावर समितीच्या प्रमुख बाईंनी काच हातात घेतली. "हा डाग तुम्ही मुद्दाम ठेवला होता का?"

हो म्हणायचा मोह झाला. "नाही," मी म्हटलं. "काल मी यावरून घरात आरडाओरडा केला."

त्या हसल्या, काच माझ्या हातात परत दिली, आणि मी बसने घरी आले. श्रीखंडपुरीवर मन लागलं नाही. वर्ग आवरता न येणाऱ्या बाईला कोण जागा देणार, असं मीच माझं ठरवून टाकलं होतं. पुढच्या आठवड्यात मेल आला. जागा मला मिळाली होती. तो तरुण सगळ्यांच्या आधी येऊन माझं अभिनंदन करून गेला, आणि त्यालाही दुसरीकडे काहीतरी मिळू दे, असं मला मनापासून वाटलं.

मेलसोबत करार होता, स्क्रीनवर बोट टेकवून सही करायचा. सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. "असा न वाचता कोण सही करतं? प्रिंट काढ." प्रिंट काढली. मग त्यांनी मला सोफ्यावर बसवलं आणि एकेक कलम मराठीत सांगायला लावलं. कामाच्या वेळा, आजारपणाची रजा, नोटीस, सगळं. बँकेत कर्जाची फाइल तपासत असाव्यात तशा त्या मध्येच थांबवून विचारत होत्या. दसऱ्याची सुट्टी नाही हे कळल्यावर त्या नाराज झाल्या. "त्या विणकरणीला होती ना सणाची रजा? मग तुला का नाही? विचार त्यांना." विचारेन म्हटलं. शेवटी त्यांनी पान उलटून पाठीमागे काही लिहिलेलं नाही ना ते पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. कर सही."

सोमवारी नव्या जागेवर रुजू व्हायचं होतं. मी आवरून खाली आले तर ओट्यावर स्टीलचा डबा होता, फडक्यात बांधलेला. या घरातले डबे मी भरते. नवऱ्याचा, मुलीचा. माझा असा कधी नव्हताच, मी जाऊन तिथे काहीतरी विकत घ्यायचे किंवा उपाशी राहायचे. सासूबाई गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"आई, हे कशाला? मी खाईन काहीतरी तिथे."

"नोकरीवर जाणाऱ्या माणसाने काहीतरी नाही खायचं," त्या न वळता म्हणाल्या. "मी कधी खाल्लं नाही. थालीपीठ आहे. लोणी वेगळं बांधलंय. आणि खाताना कागद जवळ ठेवू नकोस, डाग पडतील."

दुपारी कर्मचाऱ्यांच्या खोलीत मी ते फडकं सोडलं. तीन थालीपिठं, लोणी, लसणाची चटणी, आणि मला मीठ लावून पाणी सुटलेली काकडी आवडत नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून काकडीच्या चकत्या मीठ न लावता. पहिल्याच घासाला मला रडू आलं. समोर बसलेल्या माझ्या सहकारी मैत्रिणीने घाबरून विचारलं, चटणी इतकी तिखट आहे का? हो म्हटलं, फार तिखट आहे, आणि अर्धं थालीपीठ तिच्यापुढे सरकवलं.